होम थिएटरच्या केबल्स: तापकीर गल्लीतून काय घेतलं आणि काय तिथेच ठेवलं

आधी सेटअप सांगतो म्हणजे पुढचं नीट कळेल. दादाने नवीन फ्लॅट घेतला, टू बीएचके, हॉल साधारण दहा बाय सोळा, आणि त्याच्या ऑफिसमधल्या कुणीतरी परदेशी जाताना जुना फाइव्ह पॉइंट वनचा रिसीव्हर आणि पाच स्पीकर, एक सबवूफर असं सगळं स्वस्तात देऊन टाकलं. रिसीव्हर (सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो अॅम्पचा डबा) चांगला आहे, पण जुना, म्हणजे एचडीएमआय आहे पण एआरसी (त्याच एचडीएमआय केबलने टीव्हीचा आवाज परत आणायची सोय) नाही आणि फोरके तर अजिबातच नाही. टीव्ही मात्र नवा फोरके. वायरी एकही नव्हती, कारण आधीच्या माणसाने त्या भिंतीतून काढल्याच नाहीत. तर केबल्सची खरेदी माझ्याकडे आली, आणि दादाचं बजेट एकच, "तीन हजारांच्या वर जायचं नाही, आणि वहिनीला वायरी दिसायला नकोत."

तर हा रिव्ह्यू त्या सगळ्या केबल्सचा. कोणत्या एका ब्रँडचा नाही, कारण या बजेटमध्ये ब्रँडपेक्षा वायरीच्या आत काय आहे हेच जास्त महत्त्वाचं असतं.

सुरुवात स्पीकर वायरीपासून, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात आणि सगळ्यात जास्त फसवणूकही इथेच होते. ऑनलाइन बघायला गेलात तर "ऑक्सिजन फ्री", "हायफाय", "सोळा गेज" असलं काय काय लिहिलेलं असतं, आणि फोटोत जाडजूड पारदर्शक वायर, आत सोनेरी तारा. हातात आली की कळतं की जाडी सगळी प्लास्टिकची आहे, आत तारा मोजक्याच. आणि त्या तारासुद्धा बऱ्याचदा तांब्याच्या नसतात, सीसीए असतात, म्हणजे आत अॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा. सीसीए वाईटच असतं असं नाही बरं का, त्याची विद्युतवाहकता तांब्याच्या साधारण ६५ टक्के असते, म्हणजे तेवढी जाड घेतली तर काम होतं. पण मग भाव तांब्याचा का लावता, एवढंच माझं म्हणणं आहे. शिवाय ती तार दोनचार वेळा वाकवली की तुटते आणि तिच्यावर सोल्डर करायचं म्हणजे डोक्याला ताप.

पुण्यात बुधवार पेठेत, विजेच्या सामानाच्या तापकीर गल्लीत गेलो (रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात, आणि गाडी तर अजिबात नेऊ नका, मंडई मेट्रोवरून चालत जा). पहिल्याच दुकानात विचारलं, "कॉपर आहे का हे?"

"शंभर टक्के कॉपर साहेब, बिनधास्त घ्या."

मी खिशातली छोटी कटर काढली, एक तार बाहेर ओढली आणि पात्याने खरवडली. आत पांढरीफटक. दुकानदाराच्या चेहऱ्यावर काही फरक नाही, उलट म्हणाला, "आजकाल सगळीकडे हेच येतं हो." अर्थात तसं काही नाहीये. दोन दुकानं सोडून पुढे हवी तशी मिळाली.

ही खरवडायची ट्रिक लक्षात ठेवा. तार खरवडल्यावर आतपर्यंत तांबूस दिसली पाहिजे. एक घोळ मात्र होऊ शकतो, पारदर्शक वायरीत बऱ्याचदा एक बाजू सोनेरी आणि एक चंदेरी असते, ती चंदेरी बाजू बघून लोक घाबरतात की हे अॅल्युमिनियम. प्रत्येक वेळी तसं नसतं, प्लस मायनस ओळखता यावं म्हणून एका बाजूच्या तांब्याला कथिलाचा मुलामा दिलेला असतो. खरवडली की आतून लाल निघते. दुसरी ट्रिक लायटरची, एकच बारीक तार ज्योतीत धरा, तांब्याची असेल तर लालभडक होते आणि तशीच राहते, सीसीए असेल तर वितळून मुडपते किंवा टोकाला बारीक गोळी होऊन तुटते (अॅल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं, तांबं १०८५ ला). दुकानात लायटर काढू नका पण, घरी येऊन करा. आणि तिसरी सगळ्यात सोपी, वजन. दीड स्क्वेअर एमएमच्या जोडवायरीची ३० मीटरची गुंडाळी असेल तर तिच्यात नुसतं तांबंच आठशे ग्रॅमच्या आसपास भरतं, प्लास्टिक वेगळं. सीसीएचं तेच तीनशे ग्रॅमच्या आसपास. ऑनलाइन लिस्टिंगमध्ये वजन लिहिलेलं असतं, तेवढं बघितलं तरी अर्धं काम होतं.

आता जाडी किती घ्यायची. इथे गेजच्या भानगडीत पडू नका असं मी प्रत्येकाला सांगतो, कारण अमेरिकन गेज वेगळं, ब्रिटिश गेज वेगळं, आणि आपल्याकडे दोन्ही चालतात. ब्रिटिश सोळा गेजची तार अमेरिकन चौदा गेजएवढी जाड असते. दुकानदार "सोळा गेज" म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात काय आहे देव जाणे. सरळ स्क्वेअर एमएममध्ये बोला, अमेरिकन सोळा गेज म्हणजे १.३ स्क्वेअर एमएम, अठरा गेज म्हणजे ०.८.

पण गंमत अशी की गल्लीतले जुने लोक स्क्वेअर एमएममध्येही बोलत नाहीत. ज्या दुकानातून शेवटी घेतली तिथले काका वयस्कर, गळ्यात चष्मा लटकवलेला, त्यांनी आधी विचारलं, "कुठे लावणार? लांबी किती?" मी म्हटलं पुढचे तीन तीन-चार मीटर, मागचे दोन दहा-दहा मीटर, दाराच्या चौकटीवरून फिरवून न्यायचेत. म्हणाले, "मग पुढे तेवीस-शहात्तर चालेल, मागे चाळीस-शहात्तर तरी न्या."

हा काय प्रकार आहे ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. चाळीस-शहात्तर म्हणजे चाळीस तारा, प्रत्येक तार इंचाच्या दहा हजार भागांपैकी शहात्तर भाग जाड, म्हणजे ०.१९ मिलिमीटर. गुणाकार केला की चाळीस-शहात्तर साधारण १.१७ स्क्वेअर एमएम होते आणि तेवीस-शहात्तर ०.६७. चौदा-शहात्तरही मिळते, ती ०.४ ची. कित्येक वर्षांपूर्वी मेट्रिक आलं, पण काउंटरवर अजून हीच भाषा चालते, आणि खरं सांगायचं तर ही भाषा जास्त प्रामाणिक आहे कारण तारा मोजून बघता येतात. काकांनी स्वतःच टोक सोलून तारा पंख्यासारख्या पसरून दाखवल्या.

आता काकांचा सल्ला बरोबर का, ते बघू. तांब्याची एक स्क्वेअर एमएमची एक मीटर तार घेतली तर तिचा रेझिस्टन्स ०.०१७ ओहम असतो. दहा मीटर लांब स्पीकर म्हणजे जाऊन येऊन वीस मीटर तार. दीड स्क्वेअर एमएम घेतली तर ०.२३ ओहम. तेवीस-शहात्तर घेतली तर अर्ध्या ओहमच्या वर जातो. सर्वसाधारण नियम असा धरतात की वायरीचा रेझिस्टन्स स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवावा, म्हणजे आठ ओहमच्या स्पीकरला ०.४. म्हणजे मागच्यांना तेवीस-शहात्तर कमी पडते, पुढच्यांना तीच तीन-चार मीटरला ०.१५ ते ०.२ ओहम होते, म्हणजे चालते. कमी पडली म्हणजे काय आकाश कोसळत नाही, आवाज अर्ध्या डेसिबलने कमी होईल, तो रिसीव्हर माइक लावून सेटिंग करताना तसाही भरून काढतो. पण स्पीकरचे ओहम सगळ्या सुरांना सारखे नसतात, कुठे आठ तर कुठे चार-पाच, त्यामुळे पातळ वायरीने टोन किंचित हलतो आणि तो मात्र व्हॉल्यूम वाढवून जात नाही. म्हणून मागच्यांना जाड. चार ओहमचे स्पीकर असतील तर आणखी जाड, अडीच स्क्वेअर एमएम घ्या, उगाच विचार करत बसू नका.

मी शेवटी पाचही स्पीकरना दीड स्क्वेअर एमएमचीच घेतली, एकच गुंडाळी, कारण दोन प्रकार घेऊन जेवढे वाचत होते तेवढ्यात चहासुद्धा झाला नसता. मीटरला चाळीसच्या आसपास पडली, तांब्याचे भाव वर-खाली होतात तसा दर बदलतो. ३० मीटर. सगळ्यात मोठा खर्च हाच.

आणखी स्वस्तात करायचं असेल तर एक उपाय आहे, घराच्या वायरिंगची वायर. फिनोलेक्स, पॉलीकॅब, हॅवेल्स, कुठल्याही नावाजलेल्या कंपनीची दीड स्क्वेअर एमएमची फ्लेक्झिबल, आयएसआय मार्क आणि आयएस ६९४ लिहिलेली, तिच्यात तांबं असणारच, कारण तिथे गडबड केली तर घर जळतं. लाल आणि काळी अशा दोन वायरी घ्यायच्या, एक टोक दाराच्या कडीला अडकवायचं, दुसरं ड्रिल मशीनमध्ये धरायचं आणि हळूहळू पीळ द्यायचा. झाली स्पीकर केबल. घरात काम सुरू असेल आणि इलेक्ट्रिशियनकडे ९० मीटरच्या कॉइलमधलं उरलेलं असेल तर जवळपास फुकट. आवाजात काडीचा फरक नाही, लिहून घ्या. फक्त दोन गोष्टी, एक तर ही वायर कडक असते, कोपऱ्यात नीट वळत नाही, आणि दुसरं म्हणजे बघणाऱ्याला ती लाइटची वायर वाटते, उद्या कुणीतरी तिला टू पिन लावून सॉकेटमध्ये घातली तर स्पीकर आणि अॅम्प दोन्ही गेले. दोन्ही टोकांना टेप लावून "स्पीकर" लिहून ठेवा. आणि लाइटच्या पाइपमधून स्पीकर वायर नेऊ नका, इलेक्ट्रिशियन "चालतंय की" म्हणतील, पण २३० व्होल्टच्या सोबत ती न्यायची नसते.

ऑक्सिजन फ्रीचं काय, असं दादानेही विचारलं. साधं इलेक्ट्रिकल ग्रेडचं तांबं ९९.९ टक्के शुद्ध असतं, ऑक्सिजन फ्री ९९.९५ किंवा ९९.९९. विद्युतवाहकतेत फरक साधारण एक टक्का. एवढ्या फरकासाठी दीडपट पैसे द्यायचे असतील तर द्या बापडे, त्यापेक्षा एक साइज जाड घेतली तर फायदा कितीतरी जास्त. आणि ज्या वायरीवर बाण छापलेला असतो, "या दिशेने लावा" म्हणून, तिच्याबद्दल काय बोलणार, स्पीकर वायरीत करंट सेकंदाला शेकडो वेळा उलटसुलट फिरत असतो, त्याला बाण वाचता येत नाही. (आरसीए, म्हणजे लाल-पांढऱ्या प्लगवाल्या ऑडिओ केबलवरच्या बाणाला कधीकधी अर्थ असतो, शील्ड म्हणजे तारेभोवतीची जाळी एकाच टोकाला जोडलेली असेल तर. ते वेगळं.) डाव्या-उजव्या वायरीची लांबी सारखी ठेवण्याचीही गरज नाही, कापून उरलेले तुकडे दुसरीकडे वापरा.

बनाना प्लग, म्हणजे स्पीकर वायरीच्या टोकाला लावायच्या पिना, घ्यायच्या का? घ्या, पण साधे, स्क्रूवाले. आवाज सुधारतो म्हणून नाही. रिसीव्हरच्या मागे दहा टर्मिनल एकमेकांना चिकटून असतात, तिथे सोललेली वायर घालताना एक केसाएवढी तार बाहेर राहते, शेजारच्या टर्मिनलला टेकते आणि रिसीव्हर सुरू होताच क्लिक करून प्रोटेक्शनमध्ये जातो. मग तुम्ही मोबाइलचा टॉर्च दातात धरून रॅकच्या मागे अर्धा तास ती तार शोधत बसता. प्लगमुळे हे टळतं. सोन्याच्या मुलाम्याचे आणि साधे यात फरक एकच, सोनं काळं पडत नाही. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहत असाल तर खाऱ्या हवेत उघडं तांबं दोनेक वर्षांत हिरवं-काळं होतं, तिथे मुलामा उपयोगी. पुण्यात तशी गरज नाही. स्पीकरच्या बाजूला मी प्लग लावलेच नाहीत, उघडी तार पिळून सरळ घातली.

वहिनीची अट पाळायला केसिंग-पट्टी आणली, पांढरी, अर्ध्या इंची, हार्डवेअरच्या दुकानातली. चौकटीच्या कडेने नेली की रंगात मिसळते. वहिनीने बघितलं, म्हणाली, "ठीक आहे, पण ते कोपऱ्यातलं जोडकाम नीट कर, उघडं दिसतंय." ते नीट केलं.

एचडीएमआयकडे वळतो, तिथे फार सांगण्यासारखं नाही. एचडीएमआयमध्ये आवाज डिजिटल जातो, एकतर पोचतो नाहीतर पोचत नाही. केबल खराब असेल तर चित्रावर पांढरे ठिपके चमकतात, स्क्रीन मधेच काळी होते, आवाज तुटतो. "बास जास्त भरीव झाला" असं महागड्या एचडीएमआयने होत नाही, कुणी म्हणत असेल तर हसून सोडून द्या. दोन मीटरची केबल अडीचशे ते पाचशेत चांगली मिळते. लेबल वाचा: साध्या फोरकेला प्रीमियम हाय स्पीड म्हणजे १८ जीबीपीएस पुरे, नवीन गेम कन्सोलवर १२० फ्रेम हवे असतील तरच अल्ट्रा हाय स्पीड, ४८ जीबीपीएस, त्याच्या पाकिटावर स्कॅन करायचं सर्टिफिकेटचं लेबल असतं. "एचडीएमआय २.१ केबल" असं नुसतं मोठ्या अक्षरात छापलेलं असेल आणि हे लेबल नसेल तर त्या छापण्याला काही अर्थ नाही. पाच मीटरच्या वर लांब न्यायची असेल तर मात्र थोडे पैसे जास्त टाका.

ज्यांच्याकडे साउंडबार किंवा नवा रिसीव्हर आहे त्यांनी ही केबल टीव्हीच्या मागे ज्या पोर्टवर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलंय त्यातच घालायची, बाकीच्या पोर्टातून आवाज परत येत नाही. आणि टीव्हीत सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना चालवायची सोय, चालू करावं लागतं, जे प्रत्येक कंपनी वेगळ्या नावाने लपवते, सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिमप्लिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. मग ऑडिओ आउटपुटमध्ये पीसीएम (त्यात बऱ्याचदा दोनच चॅनेलचा आवाज बाहेर येतो) काढून ऑटो किंवा पासथ्रू करा. "फाइव्ह पॉइंट वन येत नाही, केबल बदलून द्या" म्हणून दुकानात भांडायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांचं सेटिंग पीसीएमवर असतं, असं काका म्हणाले, आणि मला ते शंभर टक्के पटतं.

दादाच्या रिसीव्हरला एआरसी नाही, तर आमचा मार्ग ऑप्टिकल. आणि सगळ्या खरेदीत माझी लाडकी केबल हीच. अडीचशे रुपये. साधी प्लास्टिकच्या फायबरची, आत नुसता लाल प्रकाश. १९८३ मध्ये तोशिबाने हे कनेक्शन काढलं, म्हणून टॉसलिंक म्हणतात, आणि अजून नव्या टीव्हीच्या मागे ते असतं. दोन चॅनेलचा साधा आवाज किंवा डॉल्बी डिजिटल, डीटीएस फाइव्ह पॉइंट वन एवढं तिच्यातून जातं, अॅटमॉस वगैरे (छतातून आवाज आल्यासारखा वाटणारा नवा प्रकार) जात नाही, पण पाच स्पीकरच्या जुन्या रिसीव्हरला अॅटमॉसचं करायचंय काय. फायरस्टिक थेट टीव्हीला लावली (रिसीव्हरमधून नेली असती तर फोरके गेलंच असतं), टीव्हीतून ऑप्टिकल रिसीव्हरला, झालं. महागड्या ऑप्टिकल केबल्स येतात, धातूची डोकी, विणलेलं कापडी आवरण, दोन-दोन हजार रुपये. कशासाठी? फक्त दोन काळज्या घ्या, एक म्हणजे नव्या केबलच्या टोकांवर बारीकसं पारदर्शक टोपण असतं ते काढा, ते न काढता जोर लावून पोर्टचं दार मोडलेले लोक मी बघितलेत. आणि केबल काटकोनात दुमडू नका, आतला फायबर एकदा मोडला की गेला, त्याला जोड नाही. चालू आहे की नाही ते बघायचं तर टीव्हीच्या बाजूला लावून दुसरं टोक तळहातावर धरा, लाल ठिपका दिसतो.

आता सबवूफर, इथे खरा घोळ झाला. सबला एकच आरसीए केबल लागते, लाल-पांढरी जोडी नाही. तीही पाच मीटर, कारण सब सोफ्याच्या बाजूला ठेवायचा होता. बाजारात ज्या पातळ आरसीए मिळतात त्यांच्यात शील्ड म्हणजे मधल्या तारेभोवती गुंडाळलेल्या आठ-दहा तारा, त्याही कधीकधी लोखंडी, चुंबक लावून बघा. पाच मीटरला ते चालत नाही. काकांकडे आरजी-५९ कोअॅक्स होती, तांब्याच्या जाळीच्या शील्डची, सीसीटीव्हीला वापरतात ती. त्यांनी मीटरवर कापून दिली आणि तिथेच मागे बसलेल्या पोराने दोन्ही टोकांना एमएक्स कंपनीचे आरसीए प्लग सोल्डर करून दिले. कसं करतो ते बघत उभा राहिलो, आधी कनेक्टरचं कव्हर वायरीत सरकवून घेतलं (हे विसरलं की सगळं परत काढायचं), जाळी मागे पिळून एका बाजूला घेतली, आधी मधल्या तारेला शिसं पाजलं, मग जाळी बाहेरच्या पानाला, आणि शेवटी मीटरचा बीप करून शॉर्ट नाही ते दाखवलं. मजुरीसकट साडेतीनशे. याच लांबीची डब्यातली "सबवूफर केबल" ऑनलाइन हजार-बाराशेला आहे आणि तिच्यात यापेक्षा वेगळं काही नसतं. हीच केबल डिजिटल कोअॅक्शिअललाही चालते, कारण ती ७५ ओहमची. घरात जुनी लाल-पांढरी-पिवळी पडली असेल तर तिच्यातली पिवळीसुद्धा त्या कामाला येते.

पण लावलं आणि सबमधून घूंऽऽ. सिनेमा सुरू असताना कळत नाही, पॉज केलं की सुरू. दादा लगेच, "केबल बदल, तू स्वस्तातली आणलीस." फोनवर त्याने आणखी एका दुकानात विचारलं, तिथून उत्तर आलं की ट्रिपल शील्डेड घ्या, अठराशेची, हम (म्हणजे हा घूं) जाईल.

हम जाणार नव्हता, कारण तो केबलमधून येतच नव्हता. सबचा प्लग थ्री पिन, म्हणजे तो घराच्या अर्थिंगला जोडलेला. सेट टॉप बॉक्सला गच्चीवरच्या डिशची कोअॅक्स, म्हणजे तिकडून दुसरा अर्थ. आणि दादाला टीव्ही बंद ठेवून गाणी ऐकायची सवय, म्हणून बॉक्समधून लाल-पांढरी आरसीए सरळ रिसीव्हरला लावलेली. दोन अर्थ, मधे रिसीव्हर, झाला ग्राउंड लूप, आणि पन्नास हर्ट्‌झचा घूं. तपासायचं कसं, तर डिशची कोअॅक्स बॉक्समधून काढली. क्षणात शांत. परत लावली, परत घूं. दादाला दोनदा करून दाखवलं तेव्हा पटलं.

नेटवर याला उपाय म्हणून कोअॅक्समध्ये लावायचा आयसोलेटर सांगतात. केबल टीव्हीला तो चालतो, पण डिशला नाही, कारण डिशच्या एलएनबीला (छत्रीच्या तोंडाशी सिग्नल पकडणारा भाग) त्याच वायरीतून १३ किंवा १८ व्होल्ट जातात, आयसोलेटर ते अडवतो आणि सिग्नलच बंद. दुसरा उपाय आरसीएमध्ये लावायचा ट्रान्सफॉर्मरवाला छोटा आयसोलेटर, तो दोन-तीनशेला मिळतो, पण स्वस्तातला सबच्या खालच्या सुरांनाच मार देतो. तिसरा "उपाय" काही इलेक्ट्रिशियन करतात, प्लगची अर्थची पिन काढून टाकायची. तो कृपा करून करू नका, घूं जाईल आणि एखाद दिवशी माणूस जाईल.

आम्ही काय केलं, तर बॉक्समधली लाल-पांढरी काढून टाकली. बॉक्सचा आवाजही एचडीएमआयने टीव्हीत आणि टीव्हीतून त्याच अडीचशेच्या ऑप्टिकलने रिसीव्हरला. काचेच्या (म्हणजे प्लास्टिकच्या) वायरीतून वीजच जात नाही, तर लूप होणार कुठून. घूं बंद. गाण्यांसाठी टीव्ही चालू ठेवावा लागतो एवढंच, त्यावर दादा कुरकुरला, मग टीव्हीत स्क्रीन बंद करायचं ऑप्शन सापडलं. लाल-पांढरी केबल ड्रॉवरमध्ये.

एकूण हिशोब: स्पीकर वायर बाराशे, सबची केबल साडेतीनशे, ऑप्टिकल अडीचशे, एचडीएमआय एक नवी तीनशेची (बॉक्ससोबत आलेली खिळखिळी झाली होती), बनाना प्लग चारशेच्या आसपास, पट्टी आणि खिळे दीड-दोनशे. तीन हजारांच्या आत बसलं. मुंबईकरांनी हेच लॅमिंग्टन रोडला करावं, तिथे दुकानं जास्त आणि घासाघीसही जास्त, पण कटर खिशात ठेवा. ऑनलाइन घ्यायची तर एचडीएमआय आणि ऑप्टिकल खुशाल घ्या, स्पीकर वायर मात्र हातात घेऊन, टोक सोलून, तारा बघूनच.

राहिलं एक, काकांच्या दुकानाचं नाव विचारणारे असतीलच. नाव देत नाही, कारण गल्लीत असे दोन-तीन तरी काउंटर आहेत जिथे आधी लांबी विचारतात आणि मग वायर काढतात. जिथे आधी डबा पुढे सरकवतात तिथून पुढे चला.